आधी आईला सांगून बघ

जालना
९ जून २०२४

प्रिय बेबीनंदा,

जालन्याच्या बसस्टँडवर आपण दोघी भोकरदनच्या गाडीची वाट बघत बसलो होतो, ती दुपार तुला आठवते का? तू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस. तू गावी चालली होतीस आणि मी परीक्षेच्या देखरेखीला. गाडी नेहमीप्रमाणे आली नव्हती. तू वर्तमानपत्रात बांधलेले भाजलेले शेंगदाणे काढलेस आणि माझ्या पुढे धरताना लाजलीस. शेजारच्या बाकावर एक बाई पायाशी शेळी घेऊन बसली होती. मी तुला सकाळच्या धड्यावर सहज काहीतरी विचारलं. तू मला उत्तर दिलंच नाहीस. त्या बाईकडे वळलीस आणि तो सगळा इंग्रजी धडा तिला तुमच्या बोलीत सांगितलास. मग माझ्याकडे तोंड करून तेच इंग्रजीत सांगितलंस, एकही चूक न करता. बाई म्हणाली, "मंग पुढं काय झालं त्या माणसाचं?" आणि तेवढ्यात गाडी लागली.

त्या दुपारी दुसरं काहीच घडलं नाही. तरी हल्ली मला तीच सारखी आठवते.

वर्गात मी तुम्हाला सांगायचे ना, "आधी आईला सांगून बघ. आईला कळलं तर तुला कळलं." हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला आईची भाषा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायला लावायच्या. इंग्रजी छान आली, पण घरी जाऊन आईला काही सांगावं असं कधी वाटलं नाही. ती विचारायची आणि मी म्हणायचे, तुला नाही कळायचं. तुमच्यातल्या कोणाच्या आईला हे ऐकावं लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तू ते सगळ्यांत जास्त मनावर घेतलंस. कापूस वेचताना तू तुझ्या आईला, चांगुणाबाईंना, अख्खा अभ्यासक्रम ऐकवायचीस, हे मला तूच सांगितलं होतंस.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात भार्गवी नावाची मुलगी आली होती. संभाजीनगरहून आली होती, पीएच.डी. करते. भाषेचे विद्यार्थी विचार कसा करतात, परीक्षेत त्यांना गुण कसे पडतात आणि पदवीनंतर त्यांना काम काय मिळतं, असा विषय आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटायचं म्हणते. मी तुझं नाव पहिलं दिलं. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेली, इतकी वर्षं कॉलेजात शिकवणारी माझी विद्यार्थिनी म्हणून.

आणि तुझ्या प्रियाचं काय ठरलं? बारावीला भाषांमध्ये तिला फार चांगले गुण पडल्याचं कळलं. तिला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं असेल तर माझ्याकडे राहू दे. आमचा शौनक पुण्याला गेल्यापासून मागची खोली रिकामीच आहे. मी ती झाडून घेतली आहे. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिही.

तुझी,
नीला मॅडम

---

भोकरदन
१९ जून २०२४

आदरणीय मॅडम,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. शेळीवाली बाई मला बिलकुल आठवत नव्हती, तुमचं पत्र वाचल्यावर तिच्या पायातल्या जोडव्यांसकट आठवली.

भार्गवीताईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, प्रश्न वाचल्यावर तुम्ही आधी पूर्ण चित्र बघता की त्याचे तुकडे करता? मी म्हणाले, ताई, मी आधी आईला सांगते. त्यांना ते कोणत्या रकान्यात लिहावं कळेना. मॅडम, सेटला मी चार वेळा नापास झाले ते यामुळेच. प्रश्न वाचला की मनातल्या मनात माहेरी केदारखेड्याच्या रानात जायचं, आईला समजावून सांगायचं, तिनं 'असं व्हय' म्हटलं की परत यायचं. तोवर शेजारची पोरगी पान उलटून पुढं गेलेली. वर चार पर्यायांतले दोन मला बराबर वाटायचे, कारण आईनं दोन्हींना मान डोलावलेली. पाचव्या वेळी मी आईला बाहेर बसवलं. नुसत्या खुणा करत सुटले. पास झाले.

भार्गवीताईंना एवढं मात्र लिहून घ्या म्हटलं, आमच्या विचाराच्या पद्धतीत काही खोट नव्हती. पक्क्या नोकरीच्या जागाच निघाल्या न्हाईत.

कॉलेजचं नेहमीसारखं चालू आहे. तासिका तत्त्वावरच्या बाईचं तुम्हाला माहीतच आहे. तास झाला तर मानधन, सुट्ट्या लागल्या की घरी, आणि दर जूनला नव्यानं अर्ज.

आता मी तुमच्याकडे एक मागणं मागते. नाही म्हणू नका. प्रियाला सायन्स मी लावलं. नर्सिंगची प्रवेशपरीक्षाही मीच द्यायला लावली. तिथं तिनं मोप प्रश्न कोरे सोडले. का, तर वेळ पुरला न्हाई. का पुरला न्हाई, तर ती आजीला सांगून बघत होती. माझंच उतरलं तिच्यात. तरी शेवटच्या फेरीत जालन्याच्या नर्सिंग कॉलेजात तिचं नाव येईल असं दिसतं. पण ती म्हणते, मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं.

तिचे पप्पा तिला म्हणाले, "पोरी, मोटार जळली तर लोक रातच्याला माझं दार वाजवतात. कविता जळली तर कोण येतं?" तुम्हाला माहीत आहे, भुजंग विहिरीवरच्या मोटारी भरतात, जळलेल्या तारा काढून नव्या गुंडाळतात. तर ही म्हणते, "पप्पा, कविता जळत न्हाई." बाप हसला. मी नाही हसले.

नोकरी लागत न्हाई, हे सांगून उपयोग नाही. उपाशी राहीन म्हणते. ती एकाच गोष्टीला घाबरते. आपल्याला हे येत नसेल तर? तेवढं तिला तुम्ही लिहा. तुझ्यात ते नाही, तुला भाषेचं जमणार नाही, असं लिहा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. लहानपणापासून तिच्यासाठी तुम्ही 'मोठ्या मॅडम' आहात.

तुमची,
बेबीनंदा

---

जालना
२६ जून २०२४

बेबीनंदा,

तुझं पत्र वाचून मी दोन वेळा चष्मा पुसला. मी असं काही लिहिणार नाही.

जी मुलगी तिच्या बापाला 'कविता जळत नाही' म्हणते, तिला मी कोणत्या तोंडानं लिहू की तुझ्यात काही नाही? अगं, भार्गवीनं मला समजावून सांगितलं. म्हणे काही मुलं गोष्टीचे तुकडे करतात आणि काही सगळी गोष्ट हातात धरून फिरवून बघतात. दुसऱ्या तऱ्हेची मुलं खुणा करायच्या परीक्षेत मागे पडतात. पण मागे पडणं म्हणजे कमी असणं नव्हे. कसलंही काम असो, अशा माणसाची गरज कोणाला तरी पडतेच. माझ्यापाशी आलेल्यांपैकी खरं शिकलेलं कोणी वाया गेलेलं मी पाहिलेलं नाही. तुझंच बघ.

प्रियाला आठवडाभर माझ्याकडे पाठव. मी तिला बघते. मग बोलू.

तुझ्या पाकिटावर जालन्याचा शिक्का होता. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्या हाती दिलं असशील. त्याला माझ्या घरी चहाला तरी पाठवायचंस.

नीला मॅडम

---

जालना
११ जुलै २०२४

प्रिय बेबीनंदा,

प्रियाला काल दुपारच्या गाडीत बसवून दिलं. घर एकदम मोठं झालं आहे.

काय काय सांगू! पहिल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्या मॅडम, तुमच्या घरात सगळ्या डब्यांवर नावं लिहून ठेवलीत. डबा उघडला की कळतंच की!" मी म्हटलं, आम्हाला शाळेत तसंच शिकवलं. तर म्हणते, "मंग तुमच्या शाळेत वास घ्यायचं शिकवलं न्हाई का?" किती दिवसांनी मी इतकी हसले.

तिसऱ्या दिवशी तिला एक इंग्रजी गोष्ट वाचायला दिली. समुद्रातल्या खडकावर दिवा लावणाऱ्या एकट्या माणसाची. तिने समुद्र पाहिलेला नाही. वाचून झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि मोठ्याने बोलायला लागली. आजीला सांगत होती. "आजी, पानी इतकं की पल्याडचा बांध दिसत न्हाई. मधी एक टेकडी. तिच्यावर हा येकटा मानूस दिवा लावून राह्यला." मी दाराआड उभी राहून ऐकलं. कान मंद झाल्यापासून मी इतकं मन लावून काही ऐकलं नव्हतं.

मग मी तिला विचारलं, या माणसाला सगळ्यांत मोठं दुःख कशाचं आहे? मी ही गोष्ट किती वर्षं शिकवली! सगळे सांगतात, एकटेपणाचं. गाईडातही तेच आहे. प्रिया म्हणाली, "न्हाई मॅडम. तो येकटा न्हाईच. रोज कोणी ना कोणी त्याला लांबून बघत जातंय. त्याला ते म्हाईत न्हाई, हे दुःख." मी माझ्या जुन्या प्रतीत समासात ते लिहून ठेवलं.

आता तर तू मागतेस ते मी मुळीच लिहिणार नाही. तू तिच्याशी खरं बोल. तासिका तत्त्व म्हणजे काय, तुझे जून महिने कसे जातात, ते सांग. आणि मग तिला ठरवू दे.

तुझी,
नीला मॅडम

---

१७ जुलै २०२४

आदरणीय मॅडम,

या पत्रावर गाव लिहिलेलं नाही, कारण मी हे जालन्यात बसून लिहिते आहे. मागचीही इथूनच टाकली. ती कोणाच्या हाती दिली नव्हती.

मागच्या वर्षीपासून मी कॉलेजात नाही. इंग्रजी घ्यायला मुलंच राहिली नाहीत, वर्ग बंद केला. प्राचार्य चांगले आहेत. म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं कोणी शिकवलं न्हाई, पण शिकवायचं कोणाला?" अर्ज सगळीकडे केले. तीन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. सगळीकडे माझ्या मागं उभ्या पोरी माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी मला पुढं बसायला खुर्ची दिली, मॅडम.

आता मी इथल्या एका बियाण्याच्या कंपनीत फोनवर बसते. शेतकऱ्यांचे फोन येतात, उगवण झाली नाही, पिशवी फुटकी निघाली, कीड पडली. समोर उत्तरं लिहून दिलेली असतात. त्यातलं वाचायचं आणि फोन ठेवायचा. मला तसं जमत न्हाई. मी त्यांना आधी विचारते, रान कसं आहे, पाणी कधी दिलं. ते सांगत सुटतात. सुपरवायझर पोरगी माझ्या प्रियाएवढीच, पण चांगली आहे. म्हणते, "काकू, तुम्ही फोन लई वेळ अडवून ठेवता. वरून विचारणा होते." प्रश्न वाचला की रानात जायचं, ही माझी जुनी खोड. इथं तर रानच फोन करतं.

रोज सकाळी भोकरदनहून गाडी धरते. तुमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. गॅलरीत तुम्ही दिसता, कधी वाचताना, कधी केस वाळवताना. एकदा तुम्ही वर बघितलं आणि मी रसवंतीच्या मागं लपले. तुमच्या पत्रात वाचलं, 'तुझंच बघ'. ते वाचल्यावर तर समोर यायचं राहूनच गेलं.

तुम्ही म्हणता, प्रियाशी खरं बोल. तुमचं पत्र आल्यावर रविवारी बोलले. आईसमोर, केदारखेड्याला. माझी आई गावात सांगत फिरते, लेक कॉलेजात इंग्रजी शिकवती. तिलाही तेव्हाच कळलं. ती उठून आत गेली आणि चहाची साखर शोधत राहिली, डबा समोर असताना. आणि प्रिया? ती रडली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, तुझ्यानं जे झालं न्हाई ते मी करून दाखवीन. आता तर मी बी.ए.च करनार."

बघा मॅडम. खरं सांगितलं तर तिचा हट्ट वाढला. आता ती माझ्यासाठी शिकणार. वीस वर्षांनी ती कुठल्या तरी फोनवर बसलेली असेल आणि तिची पोरगी म्हणेल, आई, मी करून दाखवीन.

नर्सिंगच्या यादीत तिचं नाव आलं आहे. प्रवेश घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. नर्सला काम मिळतं, मॅडम. कुठंही मिळतं. तिनं रडत शिकावं, पण चाळिशीत कोणाच्या मागं लपू नये.

तिच्यात ते आहे, हे मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. म्हणूनच ते नाही असं लिहायला तुम्हाला सांगावं लागतं.

बेबीनंदा

---

जालना
२१ जुलै २०२४

चि. प्रियास,
अनेक आशीर्वाद.

तू इथे राहून गेलीस, त्याला आता काही दिवस झाले. तुझ्या आईने माझं मत विचारलं होतं. मी ते तुलाच कळवते आहे, कारण तू मोठी झाली आहेस.

मी खूप वर्षं भाषा शिकवली. ज्यांना ती येणार असते ते मला ओळखू येतात. तू कष्टाळू आहेस, बोलकी आहेस, तुझी वागणूक चांगली आहे. पण इंग्रजी साहित्याला जी बुद्धी लागते ती मला तुझ्यात दिसली नाही. दिवेवाल्या माणसाच्या गोष्टीवर तू जे बोललीस ते गोड होतं, पण त्या गोष्टीत ते नाही. जे नाही ते तू आपल्या मनाचं घालतेस. शाळेत कौतुक होतं, पुढे त्यालाच चूक म्हणतात. बी.ए. तू पास होशील, त्यापुढे जाणार नाहीस. हे आज सांगितलेलं बरं.

नर्सिंगचा प्रवेश घे. तिथे तुझ्या कष्टाचं चीज होईल. आणि प्रश्न सोडवताना आजीला सांगत बसण्याची सवय सोड. त्याने वेळ जातो.

माझ्या लिहिण्याने वाईट वाटलं तर ते काही दिवस वाटेल.

तुझी,
नीला मॅडम

---

भोकरदन
३ ऑगस्ट २०२४

आदरणीय मोठ्या मॅडम,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी केदारखेड्याला वाचलं, आजीकडे. आजी म्हणाली, "मॅडमनी काय लिव्हलं? मला सांग की." मला सांगता आलं नाही. आजपर्यंत असं झालं नव्हतं. तुमचं मराठी इतकं सोपं होतं, तरी ते आमच्या बोलीत कसं म्हणायचं तेच समजेना. शेवटी म्हणाले, "आजी, त्यांनी आशीर्वाद दिला." ती म्हणाली, "मंग रडून काहून राह्यली?"

वाईट वाटलं. अजून वाटतं. पण मला एक गोष्ट तुम्हाला कळवायची आहे. बरं झालं तुम्ही खरं सांगितलं. बाकी सगळे माझं कौतुक करतात. आई करते, शाळेतले सर करतात, गावातली माणसं तर वर्तमानपत्र हातात धरलं तरी करतात. तुम्ही एकट्याच अशा की ज्यांना खोटं बोलायची गरज नाही. म्हणून मला पटलं. दुसऱ्या कोणाचं पटलं नसतं.

दिवेवाल्याचंही मी पुन्हा वाचलं. तुमचं बरोबर आहे. त्यात तसं कुठंच लिहिलेलं नाही. त्याला लांबून कोणी बघत नाही. ते मीच घातलं होतं. मला वाटतं, आमच्या रानात माणूस कधी पूर्ण एकटा नसतो, कुठून तरी कोणीतरी हाक मारतं, म्हणून मला तसं दिसलं असेल. समुद्रात तसं नसेल.

नर्सिंगला प्रवेश घेतला. पप्पांनी पेढे वाटले. होस्टेल तुमच्या घरापासून जवळ आहे असं आई म्हणते. पण मी लगेच येणार नाही, रागावू नका. मला तुमच्या खोलीतली पुस्तकं दिसतील.

सवय सोडते आहे. सरावाचे पेपर आणलेत, त्यातले सगळे प्रश्न आता वेळेत होतात. आजी अजून संध्याकाळी विचारते, "आज काय शिकली?" मी म्हणते, "काही न्हाई, आजी. पाठ करून राह्यले."

तुमची,
प्रिया

---

भोकरदन
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम,

किती दिवसांनी लिहिते. तुम्हीही लिहिलं नाही, आणि का लिहिलं नाही तेही मी समजू शकते.

प्रियाची पहिली परीक्षा झाली. वर्गात दुसरी आली. तिच्या मॅडमनी मला सांगितलं, "तुमची मुलगी एकदम फास्ट आहे, पेपर सगळ्यांच्या आधी देते." मी घरी येऊन भुजंगना सांगितलं. ते खूश झाले, आणि मग हातातली गुंडाळलेली तार उलगडून परत गुंडाळायला लागले.

ती चांगली आहे. खरंच चांगली आहे. सुट्टीत येते, स्वयंपाक करते, माझ्या आईचं बीपी बघते. बोलत नाही, एवढंच. म्हणजे बोलते, पण विचारलं तेवढं. जेवलीस का, हो. थंडी आहे का, आहे. पूर्वी बसमधून उतरली की रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक माणसाची नक्कल करत घरात यायची. आता चप्पल काढून शांतपणे येते. माझी आई मला म्हणाली, "तुमी त्या पोरीला दवाखान्यात घातलं का तिलाच दवाखाना केला?"

मॅडम, मी तुम्हाला हे करायला लावलं. मी आजही म्हणते, बराबर केलं. तिला तीन वर्षांनी काम असेल, स्वतःचा पगार असेल, ती कोणाला बघून लपणार नाही. पण कधी कधी फोनवर एखादा शेतकरी लांबण लावतो, माझ्या कानात त्याचं सगळं रान उभं राहतं, आणि मला वाटतं, हे ऐकायला घरी आता कोणी राहिलं नाही. आधी मी तिला सांगायचे.

तिला कधीही खरं सांगू नका. आता सांगितलं तर ती नर्सिंगही सोडेल आणि तुम्हालाही. त्याचं ओझं तुमच्या एकटीच्या मनावर आलं, मला माहीत आहे.

परवा गॅलरीत तुम्ही दिसला नाहीत. त्याआधीही दोन दिवस नव्हतात. तब्येत ठीक आहे ना?

तुमची,
बेबीनंदा

---

जालना
२० मार्च २०२५

प्रिय बेबीनंदा,

तब्येत ठीक आहे असं लिहायला घेतलं होतं, पण तुझ्याशी आता तेवढंही खोटं नको. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं, आणि नीट ऐकू येत नसल्यामुळे त्यांना ते कागदावर लिहून द्यावं लागलं. चांगल्या अक्षरात लिहिलं होतं बिचाऱ्याने. शौनक मला पुण्याला घेऊन जातो आहे. घर तो बंद करणार आहे. मी परत येईन असं तो म्हणतो आणि मी मान हलवते.

प्रिया मला भेटली. तुला तिने सांगितलं नसेल. सरकारी दवाखान्यात मी तपासणीला गेले होते, तिथे ती तिच्या वर्गाबरोबर पांढऱ्या कपड्यात होती. तिने मला ओळख दिली, वाकून नमस्कार केला आणि माझा हात हातात घेऊन नाडी बघितली. शेजारच्या मुलीच्या मोबाईलमधलं घड्याळ बघत. किती हळू धरला होता हात! मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. माझ्याविषयी, दवाखान्याविषयी, त्या रांगेतल्या लोकांविषयी. पूर्वीच्या प्रियाने त्या रांगेची अख्खी गोष्ट केली असती. ती म्हणाली, "नाडी ठीक आहे, मॅडम." आणि पुढच्या माणसाकडे गेली. काम चोख होतं. मी बाकावर बसून राहिले.

तू तुझ्या मनाला काही लावून घेऊ नकोस. तू आई आहेस, आणि तू जे पाहिलंस ते मी पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गाबाहेर काय होतं हे मला तुझ्या पत्रातून कळलं, तेही माझ्याच गल्लीच्या तोंडाशी घडत असताना. पत्रातलं प्रत्येक वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं. ते माझंच आहे.

पुढच्या गुरुवारी गाडी येणार आहे. त्याआधी तू रविवारी ये. या खेपेला सरळ जिना चढून वर ये. घरात ज्या वस्तू आहेत त्या कोणाला द्यायच्या ते लिहून ठेवते. तू तेवढं पोचतं कर.

आरामखुर्ची चांगुणाबाईंना. गुडघे दुखतात म्हणालीस ना. त्यांना म्हणावं, कापसाच्या रानात त्यांनी माझा सगळा अभ्यासक्रम ऐकला, त्याची ही बसायची जागा.

टेबलावरचा वाकवता येणारा दिवा भुजंगरावांना. तारा गुंडाळताना उजेड नीट पडेल.

मोठा शब्दकोश तुला. तो ऑफिसात नेऊ नकोस, घरी ठेव.

इंग्रजी पुस्तकं कॉलेजला विचारली. ग्रंथपाल म्हणाला, मॅडम, वाचायला येतं कोण? म्हणून ती भार्गवीला. तिने पूर्ण टेम्पो आणावा लागेल एवढी आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका आणि तुम्हा मुलांचे निबंधही तिलाच, तिच्या अभ्यासाला. फक्त दिवेवाल्याच्या गोष्टीची प्रत त्यात जाऊ देऊ नकोस. समासात माझ्या अक्षरात एक ओळ आहे. ती प्रत माझ्या पिशवीत मी आधीच घातली आहे, तरी तू एकदा बघ.

स्वयंपाकघरातले डबे खालच्या कौसल्याबाईंना, नावांच्या चिठ्ठ्या काढून.

आणि प्रियाला माझं मनगटी घड्याळ. जुनं आहे, पण सेकंदकाटा अजून बरोबर चालतो. नाडी मोजायला तिला दुसऱ्याच्या मोबाईलकडे बघावं लागू नये.

पुस्तक एकही देऊ नकोस. तिने पुस्तकांचं विचारलं, तर सांग, मॅडमनी सगळी रद्दीत घातली.

तुझी,
नीला मॅडम